वाट्यातला हवालदार

भागिरथाने ते पिल्लू पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, "हे भुकन काय कधी?"

मी म्हणालो, "भुकन नाई तं काय गानं म्हनन?"

पुढचे सहा महिने या एका उत्तराने मला तोंड लपवायला जागा ठेवली नाही.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मी गुरांच्या दवाखान्यात चपराशी होतो. डॉक्टर साहेबांची पेटी उचलायची, इंजेक्शनच्या वेळी बैलाचे पाय धरायचे, बाटल्या धुवायच्या आणि साहेब दौऱ्यावर असले की दारात उभं राहून लोकांना "उद्या या" म्हणायचं, एवढंच माझं काम. पण कामरगावपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावाच्या लेखी मी अर्धा डॉक्टर होतो. कोणाची म्हैस गाभडली, कोणाच्या गोऱ्ह्याने चारा सोडला, की लोक आधी माझ्या दारात. मीही कधी "मला कळत नाही" असं म्हटलं नाही. कळत नाही हे कबूल करायला मला तेव्हा फार जड जायचं. आताही जातं.

भागिरथा, म्हणजे माझी बायको, शेषरावच्या बकऱ्या बटईने राखत होती. शेषराव गावातला मोठा कास्तकार. बटईचा रिवाज सोपा आहे. बकऱ्या मालकाच्या, राखण आपली. दोन वर्षं चारायच्या, पाजायच्या, त्यांचं आजारपण काढायचं. मुदत भरली की मूळ बकऱ्या मालकाला परत द्यायच्या आणि मधल्या काळात झालेली पिल्लं निम्मी निम्मी वाटून घ्यायची. बकरी रोगाने मेली तर कातडं दाखवायचं, मग ते नुकसान मालकाचं. लांडग्याने नेली तर मात्र राखणाऱ्याचं.

भागिरथाच्या आईने जन्मभर दुसऱ्याच्या बकऱ्या राखल्या. माझ्या आईनेही. वाट्याला जे यायचं ते बोकड असायचं, आणि बोकड काय, आज दारात तर उद्या बाजारात. स्वतःची म्हणावी अशी एकही दुभती बकरी आमच्या दोन्ही घरांत कधी बांधली गेली नव्हती. म्हणून भागिरथाचा जीव चांदीवर जडला होता. चांदी म्हणजे कबरी नावाच्या बकरीची पाठ. जी अजून व्यालेली नाही अशा बकरीच्या मादी पिल्लाला आमच्याकडे पाठ म्हणतात. कबरी दर वेताला दोन पिल्लं द्यायची आणि वर घराला चहापुरतं दूध. चांदी तिच्यावर जाणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"मले चांदी भेटली का बाकीचं सारं शेषरावभाऊनं नेलं तरी चालते," भागिरथा म्हणायची. "एक बकरी माह्या नावाची. तिच्या पोटच्या सगळ्या माह्या. मंग मी कोनाच्या बटईत नाई."

आणि नेमकं त्याच वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, नाल्याच्या काठावरून भरदिवसा लांडग्याने एक बकरी उचलली. चारातली एक गेली, तीन राहिल्या. शेषराव आला, हातातल्या काठीने जमीन टोकरत बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "या बारीले माफ केलं, भागिरथा. पन आनखी एक गेली तं वाटनी-बिटनी काई नाई. पिल्लं सारे माहे."

तेव्हा कुत्रं पाळायचं ठरलं.

कुत्रं दिलं धरमसिंगने. धरमसिंग पलीकडच्या तांड्यावरचा म्हातारा बंजारा, खांदा सुजलेला बैल घेऊन दवाखान्यात यायचा. तांड्यावरची कुत्री आमच्या भागात नावाजलेली. दोन कुत्री असली की शंभर बकऱ्या माळावर सोडून माणसाने खुशाल झोपावं. त्याने धोतराच्या सोग्यातून एक बदामी रंगाचं पिल्लू काढून माझ्या हातात ठेवलं आणि लगेच माझ्या हातावर चापट मारली.

"हात नको लावू! आयक इंद्रभान. याले मानसाची सवय नाई लावाची. बकरीच्या आचळाले लाव. बकऱ्याईत झोपू दे. चार-पाच महिने कोनी गोंजारलं नाई पायजे. मंग बकरी त्याची माय, बकरीचे पिल्लं त्याचे बहीनभाऊ. त्याईले कोनी हात लावला का हा सोडनार नाई."

मी पिल्लू पिशवीत टाकलं, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि निघालो. तेवढ्यात डॉक्टर साहेबांनी पाहिलं. साहेब नागपूरहून नुकतेच शिकून आलेले, वय पंचवीस. त्यांनी पिल्लाचे कान उचलून पाहिले आणि मला समजावून सांगितलं, "इंद्रभान, पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत त्याला सगळं दाखव. तऱ्हेतऱ्हेची माणसं, गाड्या, आवाज. या वयात जे पाहिलं नाही त्याला कुत्रं जन्मभर भितं. आणि भित्रं कुत्रं राखण करत नाही."

झाली पंचाईत. एक म्हणतो माणूस दाखवू नको, दुसरा म्हणतो माणसं दाखव. एकाकडे तीन पिढ्यांची कुत्री, दुसऱ्याकडे सरकारी शिक्का. कोणाचं खरं मानावं मला कळेना. शहाण्या माणसाने दोघांपैकी एकाचं ऐकलं असतं. मी दोघांचंही ऐकलं.

कबरीला त्या वेताला चांदी आणि एक बोकड झालं होतं, पैकी बोकड आठव्या दिवशीच गेलं होतं. म्हणजे कबरीचं एक आचळ मोकळं होतं. भागिरथा कबरीचं तोंड धरायची, मी पिल्लाला आचळाला लावायचो. दोन दिवस कबरीने लाथा मारल्या. तिसऱ्या दिवशी तिने वळून पिल्लाला हुंगलं आणि रवंथ करत उभी राहिली. एका बाजूला चांदी, एका बाजूला कुत्रं. भागिरथाने शेजारणीला हाक मारून ते दाखवलं.

हे झालं धरमसिंगचं. साहेबांचं मी सकाळी करायचो. कामावर जाताना पिल्लू पिशवीत घालून सोबत न्यायचो आणि रस्त्यात भेटेल त्या माणसापुढे धरायचो. भिंतीवर कोळशाने रेघा ओढायला सुरुवात केली. शंभर माणसं हा आकडा माझाच, साहेब तसं काही बोलले नव्हते. एस.टी.चा कंडक्टर झाला, कल्हईवाला झाला, छत्रीवाला म्हातारा, बँडवाले, एक फकीर, पोस्टमन. चक्कीचा आवाज ऐकवला, बाजारात लाउडस्पीकरखाली उभं केलं. सगळ्यांनी त्याला गोंजारलं. बाजारात तर एका भजीवाल्याने आख्खं भजं दिलं.

त्याचं नाव मी हवालदार ठेवलं. राखणदाराला नाव कसं दणदणीत पाहिजे. पण एकदा चहाच्या टपरीपाशी मी त्याच्यावर ओरडलो, "हवालदार, फुकटचं खाऊन खाऊन सुस्तला तू!" आणि मागे वळून पाहतो तर खरे हवालदार बशीतून चहा पीत उभे. त्या दिवसापासून तो हवल्या झाला.

चार महिन्यांत हवल्याचं काय झालं ते सांगतो. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हा दोन्हीकडे जेवून फुगला. माणसं त्याला इतकी आवडायला लागली की अनोळखी माणूस आला की हा शेपटी हलवत अर्ध्या रस्त्यापर्यंत सामोरा जायचा. आणि बाकी वेळ तो बकरी होता. बकऱ्या बाभळीच्या शेंगा खायच्या, हाही खायचा, मग खोकायचा. चांदी त्याला टक्कर मारायची, तोही डोकं खाली घालून टक्कर मारायचा आणि दर वेळी आपटायचा. भागिरथाने "हुर्र" केलं की सात पिल्लं आणि तीन बकऱ्या उठायच्या, त्यांच्यात हा. पायाला चिखल लागला की बकऱ्यांसारखाच पाय झटकायचा.

पण भुंकायचा नाही. कधीच नाही. झोपेत कण्हायचा तेवढंच.

भागिरथाने त्याला बाकी सगळं शिकवलं. "बस" म्हटलं की बसायचा, "थांब" म्हटलं की भाकरीचा तुकडा नाकापुढे असला तरी थांबायचा. भुंकणं शिकवायचं खातं माझ्याकडे आलं. एका रविवारी मी अंगणात चार पायांवर बसलो आणि भुंकून दाखवलं. हवल्याने मान तिरपी करून ऐकलं. मी आणखी जोरात भुंकलो. कबरी दावं तोडून पळाली. हवल्या जवळ आला आणि माझं तोंड चाटायला लागला.

"पुरं करा," भागिरथा दारातून म्हणाली. "लोक पाहून राह्यले. तुमी भुकले तं तुमाले बांधा लागन."

मला राग आला. कुत्र्याचा आला, धरमसिंगचा आला, साहेबांचा आला. स्वतःचा यायला हवा होता तो मात्र आला नाही.

मग एक दिवस नाल्यावर पुन्हा लांडगा दिसला. दिवस मावळायला अवकाश होता, मी कामावरून येऊन भागिरथासोबत बकऱ्या वळवत होतो. पलीकडच्या काठावर पळसाच्या झुडपाआडून तो बाहेर आला, शांतपणे उभा राहिला. बकऱ्यांचे कान उभे झाले. मी म्हणालो, "हवल्या, छू!" हवल्याने लांडग्याकडे पाहिलं, बकऱ्यांकडे पाहिलं आणि धावत जाऊन बकऱ्यांच्या घोळक्यात घुसला. या बाजूने घुसला, त्या बाजूने निघाला, परत घुसला. बकऱ्या एकमेकींना चिकटल्या. भागिरथाने दगड मारला, मी बोंबललो, आणि लांडगा जसा आला तसा निघून गेला.

भागिरथा रडकुंडीला आली होती. "दडला," ती म्हणाली. "बकऱ्याईच्या मांगं जाऊन दडला मेला. माही चांदी याच्या भरवशावर हाये काय?"

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो आणि धरमसिंगला सगळं सांगितलं. त्याने चिलीम खाली ठेवली. "दडला काय गोळा करून राह्यला होता?"

"मले काय ठाऊक? घुसला आतमंदी."

"लांडगं फुटलेली बकरी नेते. गोळा झालेली नाई नेत. तुह्या कुत्र्यानं गोळा केल्या अशीन." मग म्हणाला, "नाई तं दडलाही अशीन. तू त्याले गावभर फिरवलं म्हनतात. मानसाळलेल्या कुत्र्याचं मी नाई सांगू शकत."

परत येताना मी सायकल हातात धरून चालत आलो. कुत्रं शूर आहे की भित्रं, माणसाचं आहे की बकऱ्यांचं, साहेब खरे की धरमसिंग खरा, मला काहीच ठरवता येत नव्हतं. एक मात्र खरं, बकरी गेली नव्हती. कोणामुळे गेली नव्हती ते देव जाणे, आणि देवावरचा विश्वास तर आम्ही छप्पन सालीच सोडलेला.

मुदत भरली. शेषराव वाटणीला येणार त्याच्या आदल्या दिवशी भागिरथा चूल पेटवता पेटवता थांबली. "सात पिल्लं हायेत. चार बोकड अन् तीन पाठी. सात कसे वाटाचे जी?"

वाटणीचा रिवाज असा की राखणाऱ्याने दोन वाटे पाडायचे आणि मालकाने त्यातला एक उचलायचा. म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही. आणि उचललेला वाटा कुंपणाबाहेर पडेपर्यंत मालकाला बोल फिरवता येतो. बाहेर पडला की पक्का.

मी विचार केला. मला फार सुंदर कल्पना सुचली. मला सुचणाऱ्या सुंदर कल्पनांना भागिरथा तोवर घाबरायची, पण त्या दिवशी तिनेही ऐकून घेतलं.

"आठवा हवल्या मोज," मी म्हणालो. "कबरीच्या दुधावर वाढला, बकऱ्याईतच राहते. चार बोकड एका वाट्यात. तीन पाठी अन् हवल्या दुसऱ्या वाट्यात. शेषरावले बाजाराची नजर हाये, तो तयार बोकड सोडून एक चांदी, दोन मरतुकड्या पाठी अन् मुकं कुत्रं घेईन काय? चांदी तुले सुटली समज."

भागिरथाने चुलीत एक काडी सरकवली. मग तिने विचारलं, "अन् हवल्या?"

"तो बी आपल्यालेच राह्यते ना! जाते कुठी?"

तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि मला वाटलं मी खरोखरच अर्धा डॉक्टर आहे.

शेषराव सकाळी आला, सोबत त्याचा गडी गोविंदा. भागिरथाने अंगणात दोन वाटे करून ठेवले होते. इकडे चार बोकड, तिकडे चांदी, दोन लुकड्या पाठी आणि जीभ बाहेर काढून बसलेला हवल्या. तिन्ही मोठ्या बकऱ्या बाजूला बांधलेल्या. शेषरावने मोजलं.

"हे काय वं? कुत्रं?"

"सात होते," मी म्हणालो. "बराबर व्हाले पायजे म्हनून आठवा धरला. कबरीचं दूध पेला तो, म्हंजे तुमच्याच बकरीचा हिस्सा झाला."

शेषराव हसला. हवल्या उठून त्याच्याकडे गेला आणि त्याचा हात चाटला. शेषरावने त्याच्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाला, "हे लेकरू मले काय कामाचं? बोकडंच घेतो मी. गोविंदा, चाल."

भागिरथाने माझ्याकडे पाहिलं नाही. पण पदर तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

गोविंदाने सगळ्यात लहान बोकड खांद्यावर घेतला आणि तो कुंपणाच्या फाटकाकडे निघाला. बोकड ओरडला. हवल्या उठला. तो धावत गेला आणि फाटकात आडवा उभा राहिला. गोविंदा हसत म्हणाला, "सरक ना रे," आणि पुढे झाला.

तेव्हा हवल्या भुंकला.

असा भुंकला की शेजारचे लोक बाहेर आले. त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले होते. गोविंदाने डावीकडून जायचा प्रयत्न केला, हवल्या डावीकडे. उजवीकडून केला, हवल्याने त्याचं धोतर धरलं. चावला नाही, फक्त धरलं आणि सोडेना. गोविंदाने घाबरून बोकड खाली ठेवला. हवल्याने धोतर सोडलं, बोकडाला नाकाने ढकलत ढकलत बाकीच्यांत नेलं आणि परत फाटकात येऊन उभा राहिला.

"भुकला!" भागिरथा ओरडली. "भुकला वं बाई, भुकला!" तिने टाळ्या वाजवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि मी? मी काय करावं? मी कमरेवर हात ठेवून शेषरावसमोर उभा राहिलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो मी.

"पाह्यलं काय भाऊ?" मी म्हणालो. "याले म्हनतात शिकोनं! शंभर मानसं दाखवले त्याले. मानसाले भीत नाई, अन् बकरीले हात लावू देत नाई. डॉक्टर साहेबांची पद्धत अन् तांड्याची पद्धत, दोनी एकात. असं कुत्रं कारंज्यापर्यंत शोधा, भेटनार नाई. लांडगं आलं होतं, बकऱ्या गोळा करून ठेवल्या यानं!"

शेषराव ऐकत होता. त्याने हवल्याकडे पाहिलं, गोविंदाच्या ओल्या धोतराकडे पाहिलं, मग आपल्या तीन मोठ्या बकऱ्यांकडे पाहिलं. माझं बोलणं संपेपर्यंत तो थांबला.

"असं हाये काय," तो म्हणाला. "मंग मी हा वाटा घेतो. पाठी अन् कुत्रं."

मला तो काय म्हणाला ते कळायलाच वेळ लागला.

"भाऊ, तो कुत्रा हाये," भागिरथा म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तो काई बकरी नोहे. त्याले सोडून द्या. चांदी... तुमी बोकडं म्हनले होते."

"बोकड कुंपनाच्या बाहीर गेला काय? नाई गेला. मंग बोल फिरवता येते." शेषराव चिडला नव्हता, तो अगदी सावकाश बोलत होता. "अन् कुत्र्याले वाट्यात कोनं घातलं? म्या घातलं काय? तुह्या नवऱ्यानं आपल्या तोंडानं आठ मोजले."

यात खोटं काहीच नव्हतं. भागिरथाने एकदाच माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

पण आता बकऱ्या न्यायच्या कशा? गोविंदा फाटकाजवळ यायला तयार नव्हता. शेषरावने कबरीचं दावं सोडलं की हवल्या गुरगुरायचा. शेवटी शेषरावच म्हणाला, "भागिरथा, तूच आनून दे बाई गोठ्यात."

चार बोकड मी घरात कोंडून कडी लावली. भागिरथा पुढे झाली, "हुर्र हुर्र" म्हणाली आणि तीन बकऱ्या, तीन पाठी तिच्या मागे निघाल्या. हवल्या दाराशी गेला. आत बोकड ओरडत होते. त्याने दार हुंगलं, पंजाने खरवडलं. मग कळपामागे धावला. अर्ध्या रस्त्यातून परत दाराशी आला. परत धावला. तीन वेळा त्याने असं केलं. मी त्याच्या मागे चालत होतो आणि मला त्याच्यापेक्षा वेगळं काही वाटत नव्हतं. शेवटी मोठा कळप दूर जायला लागला तसा तो तिकडे गेला.

शेषरावच्या गोठ्यापर्यंत आमचं येणंजाणं होतं, ओसरीपर्यंत नव्हतं. भागिरथाने बकऱ्या आत घातल्या. शेषराव आणि गोविंदा दावी आणायला घरात गेले. गोठ्यात आम्ही दोघं, बकऱ्या आणि हवल्या एवढेच राहिलो.

भागिरथाने वाकून चांदीला उचलून घेतलं. छातीशी धरलं. चांदी तिच्या गळ्याशी तोंड नेऊन तिचं डोरलं चघळायला लागली. मला वाटलं, निरोप घेते आहे. मग भागिरथा वळली आणि गोठ्याच्या फाटकाकडे चालायला लागली. एक पाऊल, दोन पावलं. घाईने नाही. मी तिला हाक मारणार होतो, पण मारली नाही. ती का चालली होती, कुठे चालली होती, मला कळत नव्हतं. आणि थोडंसं कळतही होतं, म्हणून मी गप्प राहिलो.

हवल्या तिच्या पुढे येऊन फाटकात आडवा उभा राहिला.

"हवल्या," ती हळूच म्हणाली. "मी हावो."

तिच्या हातची भाकर खाऊन तो वाढला होता. तिच्या "बस" वर तो बसत होता, तिच्या "थांब" वर थांबत होता. त्याने शेपटी हलवली. पण दात दाखवले आणि घशातून गुरगुरला. ती आणखी एक पाऊल पुढे झाली तसं त्याने तिच्या लुगड्याचा काठ दातांत धरला. ओढला नाही. नुसता धरून तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

भागिरथा तशीच उभी होती. मग तिने चांदीला खाली ठेवलं. हवल्याने काठ सोडला आणि चांदीला नाकाने ढकलत कबरीपाशी नेलं.

शेषराव दावी घेऊन आला. भागिरथाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "भाऊ, याले भाकर संध्याकाळीच देजा. सकाळी देल्ली का सुस्तते. अन् मारजा नोको, बोललेलं आयकते तो."

आम्ही परत निघालो. हवल्या फाटकापर्यंतही आला नाही. मला वाईट वाटत होतं आणि त्याचा अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकाच वेळी वाटण्याची मला लाज वाटत होती. चावडी मागे पडली. शाळा मागे पडली. मी "चुकलं माझं" म्हणायची तयारी करत होतो, पण ते शब्द मला आयुष्यात कधी म्हणता आलेच नाहीत.

वळणावर तीच थांबली.

"तुमी पाह्यलं काय?"

"काय?"

"मी चांदीले उचलून कुठी चालली होती?"

"नाई बावा," मी म्हणालो. "मी दुसरीकडे पाहून राह्यलो होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खोटं बोलतोय हे तिला दिसत होतं. घरी कोंडलेल्या बोकडांचा आवाज आता वळणापर्यंत ऐकू येत होता.

"मले बी नाई समजलं, कुठी चालली होती थे," ती म्हणाली. "पन त्याले समजलं."

आणि ती बोकडांना पाणी पाजायला झपाझप घराकडे निघाली.